कर्त्या स्त्रियांच्या स्मृति कोणीं जपावयाच्या?

गेल्या वर्षीं आमचा जुना वाडा पाडून त्या जागीं नवी इमारत उभी करण्याचें ठरलें व त्या निमित्तानें माळ्यावरील सामान खालीं उतरविण्याचा प्रसंग आला. तीन पिढ्यांचा संसार अंगणांत मांडला गेला. तांब्यापितळेचीं भांडीं, शिसवी पाट, पाळणा, जातें, सगळें भावाभावांत व जावाजावांत समजुतीनें वांटून झालें. एका लांकडी पेटींत आमच्या पणजोबांच्या जमिनीच्या दाव्याचे कागद निघाले. तांबड्या रुमालांत बांधलेले, दोन्ही बाजूंस पुठ्ठे, वर कागदांची यादी, आणि यादीखालीं ज्या ज्या कर्त्या पुरुषानें तो रुमाल पुढच्याच्या स्वाधीन केला त्याची सही. तो दावा निकालांत निघून शंभराहून अधिक वर्षें लोटलीं. ती जमीनहि आतां आमची नाहीं. तरी त्या कागदांस कसर लागलेली नव्हती.

आमच्या वडिलांच्या एक आत्या होत्या. सारें घर त्यांना आत्याबाईच म्हणे. लहान वयांत वैधव्य आलेल्या या बाई माहेरीं राहून शिकल्या, स्वातंत्र्याच्या चळवळींत तुरुंगवास भोगून आल्या आणि पुढें आमच्या लहानशा गांवच्या नगरपालिकेंत दोनदां निवडून गेल्या. मुलींच्या शाळेवर कौलें कशीं पडलीं, सुईणीस पगार कसा मिळूं लागला, हें त्या पंक्तींत वाढतांना सांगत, आणि आम्ही मुलें ताटाच्या नादांत निम्मेंच ऐकत असूं. त्यांच्या वह्या आणि पत्रें एका पत्र्याच्या ट्रंकेंत असत. माळ्यावर ती ट्रंक सांपडली. परंतु आंत जुनीं लुगडीं आणि आकाशकंदिलाच्या काड्या होत्या. चौकशी केली तेव्हां कळलें कीं, फार पूर्वीं घरांतील एका लग्नाच्या वेळीं जागा हवी म्हणून त्यांतील ‘किरकोळ कागद’ रद्दींत घातले गेले. ते कोणीं घातले हें शोधीत बसण्यांत अर्थ नव्हता. त्या लग्नांत आम्हीहि घरांत होतों, दारांत पडलेले रद्दीचे गठ्ठे आम्हींहि पाहिले होते, आणि आंत काय आहे हें आम्हीं विचारलें नव्हतें.

शिल्लक राहिलें तें एक छायाचित्र. नगरपालिकेच्या पायऱ्यांवर दहाबारा पुरुष खुर्च्यांवर बसले आहेत आणि अगदीं कडेला आत्याबाई, हातांत घडी घातलेला एक कागद घेऊन. मागें तारीख नाहीं, नांव नाहीं. तो कागद कसला होता हें सांगणारें आज कोणी उरलेलें नाहीं.

हा अपराध एकट्या आमच्या घराचा असता तर तो येथें सांगण्याचें प्रयोजन नव्हतें. परंतु ज्या ज्या स्नेह्यांजवळ आम्हीं ही गोष्ट काढली, त्यांपैकीं बहुतेकांनीं आपल्याहि घरांतील अशीच एखादी ट्रंक सांगितली. याचें कारण उघड आहे. पुरुषांच्या कागदांशीं जमीन, वतन, नोकरी, वारसाहक्क हीं निगडित असतात. तेव्हां ते सांभाळण्याची शिस्त घरांत आपोआप लागते. स्त्रीच्या सार्वजनिक कामाचे कागद कोणत्याच कोर्टांत पुरावा म्हणून लागत नाहींत. बहुतेकींना स्वतंत्र कचेरी नसे, कारकून नसे; सभेची टिपणें आणि मुरंब्याचें प्रमाण एकाच वहींत लिहिलेलें असे. मग ती वही स्वयंपाकघराची म्हणून मोडींत निघते आणि तिच्याबरोबर गांवच्या इतिहासाचें एक पान जातें.

या बाबतींत आपल्यापुढें एक असें उदाहरण आहे कीं, त्यांत जपणूक कशी करावी आणि जपणूक कोठें अपुरी पडते, या दोन्ही गोष्टी एकाच व्यक्तीच्या चरित्रांत पाहावयास मिळतात. तें उदाहरण रमाबाई रानडे यांचें.

रमाबाईंचा जन्म १८६२ सालीं देवराष्ट्रें येथें कुर्लेकरांच्या घरीं झाला. माहेरचें नांव यमुना. पुढें यशवंतराव चव्हाणांचा जन्मगांव म्हणून महाराष्ट्रास ठाऊक झालें तेंच हें देवराष्ट्रें. १८७३ सालीं, अकराव्या वर्षीं, त्यांचा विवाह महादेव गोविंद रानडे यांच्याशीं झाला. प्रथम पत्नीच्या निधनानंतर लवकरच झालेला हा विवाह. वराचें वय एकतीस. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या पुरुषानें वडिलांच्या आग्रहापुढें मान तुकवून कुमारिकेशीं लग्न केलें, म्हणून त्या काळीं पुष्कळ टीका झाली. ज्या मुलीस अक्षरओळख नव्हती तिला माधवरावांनीं लग्न होतांच लिहावयावाचावयास शिकविण्यास आरंभ केला, आणि पुढें ट्रेनिंग कॉलेजांतील सगुणाबाई देव यांना शिकवावयास घरीं आणलें.

घरांत वडीलधाऱ्या बायकांचा मोठा गोतावळा होता. नणंदा, सासवा, आतेसासवा. सुनेनें पाटीपेन्सिल हातीं धरावी हें त्यांना मुळींच रुचलें नाहीं. एकदां भांडीं घासतांना इंग्रजी वर्तमानपत्राचा एक तुकडा हातीं लागला व तो वाचण्यांत रमाबाई गुंग झाल्या, तेव्हां त्यांना जें बोलणें खावें लागलें तें प्रसिद्धच आहे. पुण्यांत मुलींसाठीं इंग्रजी शाळा निघावी म्हणून भरलेल्या सभेंत गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर त्यांनीं इंग्रजींतून मानपत्र वाचलें. सभेंत टाळ्या झाल्या आणि घरीं टोमणे मिळाले. सकाळच्या स्वयंपाकास उलट उत्तर न देतां हजर राहावयाचें आणि रात्रीं पुन्हां पुस्तक उघडावयाचें, असा त्यांचा क्रम कित्येक वर्षें चालला.

हें सारें आपणांस इतक्या बारकाईनें ठाऊक आहे, कारण रमाबाईंनीं स्वतः तें लिहून ठेवलें. १६ जानेवारी १९०१ रोजीं माधवराव निवर्तले. त्यानंतर जवळजवळ वर्षभर रमाबाई पुण्याच्या वाड्यांत जनसंपर्कावांचून राहिल्या. मग त्यांनीं पतीचे विखुरलेले शब्द गोळा करण्यास हात घातला. प्रार्थनासमाजांतील त्यांचीं प्रवचनें ‘धर्मपर व्याख्यानें’ म्हणून छापविलीं. १९१० सालीं ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ हें पुस्तक आलें. त्यास गोपाळ कृष्ण गोखल्यांची प्रस्तावना आहे. १९१५ सालीं माधवरावांच्या इंग्रजी लेखांचा व भाषणांचा मोठा संग्रह त्यांनींच प्रसिद्ध केला. रानडे यांच्याविषयीं पुढें जें जें गंभीर लेखन झालें, त्याच्या पायाशीं या विधवा बाईंनीं जुळविलेले कागद आहेत. घरांतील माणसानें घरांतील माणसाची स्मृति कशी जपावी, याचा याहून चांगला वस्तुपाठ मराठींत मिळणें कठीण.

परंतु वाचकांनीं एक गोष्ट ध्यानीं घ्यावी. ‘आठवणी’ माधवरावांच्या मृत्यूपाशीं थांबतात. रमाबाईंचें वय तेव्हां एकोणचाळीस वर्षांच्या घरांत होतें, आणि त्यांचें सार्वजनिक आयुष्य खऱ्या अर्थानें त्यानंतर सुरू झालें. १९०१ ते १९२४ हीं तेवीस वर्षें त्यांच्या कर्तृत्वाचीं वर्षें होत. आणि पतीविषयीं जसा ग्रंथ त्यांनीं लिहिला तसा या वर्षांविषयींचा त्यांच्या हातून झाला नाहीं.

त्या तेवीस वर्षांत काय झालें? १९०४ सालीं मुंबईस भारत महिला परिषद भरली, तिच्या अध्यक्षस्थानीं रमाबाई होत्या. १९०८ सालीं मलबारी व दयाराम गिडुमल यांनीं मुंबईंत सेवासदन काढलें, तेव्हां अध्यक्षा म्हणून रमाबाईंकडेच ते आले. पुढल्याच वर्षीं, १९०९ च्या ऑक्टोबरांत, गोपाळ कृष्ण देवधरांच्या साह्यानें पुण्याचें सेवासदन उभें राहिलें; त्याचे पहिले वर्ग रानड्यांच्या वाड्यांतच भरले. ज्या घरांत सुनेच्या हातांतील इंग्रजी कागदाचा तुकडा सहन झाला नव्हता, त्याच घराण्याच्या वाड्यांत पोक्त वयाच्या बायका मुळाक्षरें गिरवूं लागल्या.

सेवासदनाचें धोरण मोठें व्यवहारी होतें. नुसतें साक्षर करून सोडावयाचें नाहीं, तर स्वतःच्या पायावर उभें करावयाचें. शिवण, हस्तव्यवसाय, शिक्षिकांचें शिक्षण आणि परिचारिकेचें शिक्षण. यांतील शेवटचें सर्वांत अवघड गेलें. परक्या पुरुषाच्या शुश्रूषेचें काम कुलीन घरांत हलकें मानीत. तरीहि सेवासदननें आपल्या विद्यार्थिनी ससून रुग्णालयांत शिकावयास धाडल्या, आणि त्यांत विधवा पुष्कळ होत्या. ज्या विधवेला घरांत अपशकुनी मानीत तिच्या हातून रोग्यास औषध मिळूं लागलें. हा बदल ज्यांच्या घरांत घडला त्यांनाच त्याची किंमत कळेल.

संस्थेबाहेरहि रमाबाईंचें काम थांबलें नाहीं. तुरुंगांतील स्त्री-कैद्यांना भेटावयास त्या नियमानें जात. दुष्काळ पडला तेव्हां १९१३ सालीं गुजराथ-काठेवाडांत मदतकार्यास गेल्या. आळंदीच्या यात्रेंत सेवासदनाच्या स्वयंसेविका घेऊन त्या यात्रेकरू बायकांच्या सोयीसाठीं उभ्या राहत, आणि हें आयुष्याच्या अखेरच्या वर्षांतहि चालू होतें. फिजी व केनिया येथील हिंदी मजुरांच्या हालअपेष्टांविरुद्ध त्यांनीं आवाज उठविला.

राजकारण म्हणतात तें याहून वेगळें असतें असें कोणास वाटत असेल, तर त्यानें पुढील दोन प्रसंग पाहावे. १९१८ सालच्या कायद्यानें नगरपालिकांस प्राथमिक शिक्षण सक्तीचें करण्याचा अधिकार मिळाला. पुण्यांत प्रश्न उपस्थित झाला, पैसा अपुरा असतांना सक्ति आधीं मुलांपुरती करावी कीं मुलींनाहि बरोबर घ्यावें? टिळकपक्षाचें म्हणणें पैशाच्या अडचणीवर बोट ठेवून आधीं मुलांपुरतें पाहावें असें होतें. रमाबाई व त्यांच्या सहकारी स्त्रियांनीं मुलींना मागें ठेवण्यास उघड विरोध केला, सभा घेतल्या, रस्त्यावर आल्या. ज्या शहरांत एकेकाळीं स्त्रीनें सभेंत बोलणें हाच बोभाटा होता, तेथें बायका नगरपालिकेच्या ठरावाविषयीं मत मांडीत चालल्या. दुसरा प्रसंग मताधिकाराचा. मद्रासच्या पाठोपाठ १९२१ सालीं मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळानें स्त्रियांना मत देण्याच्या आड येणारी अट काढून टाकली. त्या चळवळीची इलाख्यांतील धुरा रमाबाईंनीं वाहिली. आज आमच्या घरांतील सून, लेक, नात मतदानास जातांना त्यांत कोणाचा वांटा आहे याचा विचार करीत नाहीं. त्यांत वाईट कांहीं नाहीं; हक्क अंगवळणी पडला याचेंच तें लक्षण आहे. परंतु तो कोणी मिळविला हें कोठेंतरी लिहिलेलें असावयास हवें.

तें लिहिलेलें आहे, परंतु विखुरलेलें आहे. सेवासदनाच्या वार्षिक अहवालांत आहे, देवधर ज्या भारत सेवक समाजाचे होते त्याच्या कागदांत आहे, नगरपालिकेच्या इतिवृत्तांत आहे, ‘ज्ञानप्रकाश’, ‘केसरी’ यांच्या जुन्या अंकांतील सभांच्या वृत्तांत आहे. पतीच्या स्मृतीसाठीं जी व्यक्ति दहापंधरा वर्षें खपली, तिच्या स्वतःच्या कार्यासाठीं तसें खपणारें घरांतील माणूस तिला लाभलें नाहीं. चरित्रें लिहिलीं गेलीं, १९६२ सालीं सरकारनें त्यांचें टपाल तिकीट काढलें, सेवासदन आजहि चालू आहे. हें सगळें खरें. तरी लोकांच्या मनांत कोणती रमाबाई राहिली तें पाहा. १९३८ सालीं ‘आठवणीं’चें इंग्रजी भाषांतर न्यूयॉर्कांत निघालें, त्याचें नांव ‘हिमसेल्फ: दि ऑटोबायॉग्रफी ऑफ ए हिंदु लेडी’. नांवांत पति हा ‘स्वतः’ आणि लिहिणारी एक अनामिक हिंदु स्त्री. १९६३ सालीं कुसुमावती देशपांडे यांनीं केलेलें भाषांतर निघालें तें ‘रानडे: हिज वाइफ्स रेमिनिसेन्सेस’ या नांवानें. २०१२ सालीं दूरचित्रवाणीवर ‘उंच माझा झोका’ ही मालिका आली आणि रमा हें नांव घरोघर पुन्हां लाडकें झालें. परंतु लोकांच्या डोळ्यांपुढें राहिली ती परकरी पोर आणि शिकणारी सून. मताधिकारासाठीं झगडणारी साठीच्या घरांतील बाई किती जणांच्या डोळ्यांपुढें आहे?

दोष त्या भाषांतरकारांचा नाहीं आणि मालिकेचाहि नाहीं. लोक जें लिहिलेलें मिळेल त्यावरच चित्र उभें करतात. रमाबाईंनीं सुनेचें आयुष्य लिहिलें, तें उरलें. कार्यकर्त्या स्त्रीचें आयुष्य त्यांनीं जगलें, पण लिहिलें नाहीं. तें शोधून काढावें लागतें. आमचें म्हणणें एवढेंच आहे कीं, रमाबाईंनीं माधवरावांसाठीं जें केलें तें प्रत्येक घरानें आपल्या घरांतील कर्त्या स्त्रीसाठीं केलें पाहिजे, आणि तें ती हयात असतांनाच सुरू केलें पाहिजे.

येथें कोणी म्हणेल कीं, रमाबाई थोर होत्या. आमच्या घरांत तशी कोण आहे? हा विनय अनाठायीं आहे. १९९३ सालीं अमलांत आलेल्या घटनादुरुस्त्यांनीं पंचायती व नगरपालिकांत स्त्रियांसाठीं एकतृतीयांश जागा राखून ठेवल्या, आणि महाराष्ट्रानें २०११ सालीं तें प्रमाण निम्म्यावर नेलें. हजारों बायका आज ग्रामपंचायतींत, नगरपालिकांत, जिल्हापरिषदांत बसत आहेत. त्यांच्याशिवाय बालवाडी चालविणाऱ्या, वाचनालयाच्या चिटणीस झालेल्या, पाण्याच्या प्रश्नावर मोर्चे नेलेल्या किती असतील त्यांची गणना नाहीं. पन्नास वर्षांनीं यांच्याविषयीं कोणास कांहीं जाणून घ्यावयाचें झाल्यास काय मिळेल, हें आजच्या घरांच्या हातीं आहे.

तेव्हां कांहीं अनुभवाच्या सूचना. त्या खर्चाच्या नाहींत, केवळ चिकाटीच्या आहेत.

पहिली सूचना नांवांविषयीं. आपल्याकडे लग्नांत मुलीचें नांव व आडनांव दोन्ही पालटतें. यमुना कुर्लेकर आणि रमाबाई रानडे ही एकच व्यक्ति हें ज्यास ठाऊक नाहीं त्याचा शोध अर्ध्यावर तुटतो. जुन्या इतिवृत्तांत तर पुष्कळदां नुसतें ‘सौ. अमुक’ म्हणून नवऱ्याचें आडनांव असतें. म्हणून एका कागदावर माहेरचें नांव, सासरचें नांव, घरांत हांक मारीत तें नांव, जन्मगांव आणि राहिलेलीं गांवें हीं वर्षांसह लिहून ठेवावींत. या एका पानानें पुढच्या माणसाचे कित्येक महिने वांचतील.

दुसरी सूचना छायाचित्रांविषयीं. घरांतील वृद्ध मंडळी समोर बसवून एकेका चित्रांतील माणसें ओळखून घ्यावींत, आणि मागें मऊ शिसपेन्सिलीनें, हलक्या हातानें, नांवें डावीकडून उजवीकडे लिहावींत. शाईचें पेन वापरूं नये. तें दुसऱ्या बाजूस उमटतें. ओळख पटत नसेल तर तसें लिहावें, अंदाज खरा म्हणून लिहूं नये.

तिसरी सूचना कागदांची. टांचण्या आणि तारेचे टांके गंजून कागद खातात, ते काढावेत. फाटलेल्या कागदास चिकटपट्टी लावूं नये. ती पिवळी पडून अक्षरांसकट निघते. प्लॅस्टिकच्या पिशव्यांत ओल कोंडते. त्यापेक्षां स्वच्छ सुती कापड बरें. माळा हें कागदांचें शत्रुस्थान आहे, उन्हाळ्यांत तापतो आणि पावसाळ्यांत गळतो. आंतल्या भिंतीलगतचें कपाट निवडावें, आणि पावसाळ्यापूर्वीं व नंतर एकदां उघडून पाहावें. पत्रें ज्या क्रमानें बाईंनीं ठेवलीं असतील तो क्रम मोडूं नये, कारण त्या क्रमांतहि अर्थ असतो. वर यादी करावी. आमच्या पणजोबांच्या रुमालावर होती तशी.

चौथी सूचना प्रतींची. आतां प्रत्येकाच्या हातांत मोबाइल आहे व त्यांत कॅमेरा आहे. दिवसाच्या उजेडांत, सावलींत कागद सपाट ठेवून पानापानाचें चित्र घ्यावें आणि त्याच्या प्रती दोन वेगळ्या घरीं ठेवाव्यात. मात्र चित्र घेतलें म्हणून मूळ कागद टाकून देऊं नये. त्याच यंत्रावर बोलणेंहि टिपतां येतें. आजीस एकदम ‘तुमचें आयुष्य सांगा’ असें म्हटलें तर ती ‘काय सांगायचं त्यांत’ म्हणून उठून जाईल. त्यापेक्षां एखादें छायाचित्र हातांत द्यावें आणि विचारावें, ‘आजी, या सभेला तुम्ही घरांतून निघालां तेव्हां मुलें कोणापाशीं ठेवलीं होतीं?’ अशा प्रश्नास उत्तर मिळतें, आणि त्या उत्तरांत घराचा व गांवाचा इतिहास एकत्र येतो.

पांचवी सूचना ठेवण्याच्या जागेची. घर बदलतें, पिढी परदेशीं जाते, वाडा पडतो. महत्त्वाचे कागद एखाद्या संस्थेकडे सोंपविणें श्रेयस्कर. पुण्याचें भारत इतिहास संशोधक मंडळ, राज्याचें पुरालेखागार, मुंबईस श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ, आणि १९८८ पासून केवळ स्त्रियांच्या स्मृति जमविण्यासाठीं काम करणारी मुंबईची ‘स्पॅरो’ ही संस्था, अशीं ठिकाणें आहेत. देण्यापूर्वीं पत्र लिहून विचारावें, यादी सोबत द्यावी, पोंच घ्यावी. गांवच्या वाचनालयास निदान एक प्रत तरी द्यावी.

शेवटची सूचना नाजूक आहे. घरच्या माणसांना आपल्या माणसाचें चरित्र गुळगुळीत करण्याचा मोह होतो. भांडणाचीं पत्रें जाळलीं जातात, पराभव गाळला जातो, दिरानें केलेला विरोध ‘घरचा पाठिंबा होता’ या शब्दांत झांकला जातो. या ठिकाणींहि रमाबाईंकडेच पाहावें. पतीला देवाच्या जागीं मानणाऱ्या या बाईंनीं पंचहौद मिशनांतील चहाचें प्रकरण आणि त्यानंतर माधवरावांनीं घेतलेलें प्रायश्चित्त, जें त्यांच्या कित्येक चाहत्यांना दुबळेपणाचें वाटलें, तें आपल्या पुस्तकांतून वगळलें नाहीं. सासरच्या बायकांचे टोमणे लिहिले, पण त्या बायकांना राक्षसिणी केलें नाहीं. म्हणूनच त्यांच्या पुस्तकांतील माधवराव खरे वाटतात. एखादें पत्र आज उघड करणें कोणास दुखवील असें वाटलें, तर तें बंद पाकिटांत घालून वर ‘अमुक वर्षांपर्यंत उघडूं नये’ असें लिहावें. जाळूं मात्र नये. राख झालेल्या पत्राबद्दल पुढच्या पिढीस आपल्याशीं वादहि घालतां येत नाहीं.

एकत्र कुटुंबावर एक आक्षेप नेहमीं येतो कीं, त्यांत स्त्रीचें कर्तृत्व दडपलें जातें. रमाबाईंच्या हकीकतींत त्यास पुरेसा आधार आहे, आणि तो आम्ही नाकारीत नाहीं. परंतु त्याच कुटुंबाची एक शक्तिहि आहे. एका छपराखालीं चार पिढ्या असतात. एकीला आठवत नाहीं तें दुसरीला आठवतें. थोरल्या जावेनें पाहिलेलें धाकटीला सांगतां येतें. ही शक्ति आजवर आपण जमिनीचे दावे सांभाळण्यांत खर्च केली. ती घरांतील बायकांच्या कामासाठींहि खर्च करतां येईल.

आमच्या आत्याबाईंचे कागद परत येणार नाहींत. तरी तें छायाचित्र घेऊन आम्ही गांवीं गेलों. नगरपालिकेंतील एका सज्जन कारकुनानें जुन्या इतिवृत्तांच्या वह्या दाखविल्या. दोन दिवस धूळ खाल्ल्यावर एके ठिकाणीं आत्याबाईंचें नांव मिळालें, आडनांवांत चूक करून लिहिलेलें. धुण्याच्या घाटाजवळ बायकांसाठीं आडोसा बांधावा असा त्यांचा ठराव होता. शेरा: ‘नामंजूर.’ पुढच्या वर्षींच्या वहींत तोच ठराव पुन्हां, पुन्हां नामंजूर. तिसऱ्या वर्षीं मंजूर. घाट आज नाहीं, आडोसाहि नाहीं. पण तीन वर्षें एकच कागद घेऊन सभेंत उभ्या राहणाऱ्या आमच्या आत्याबाई आम्हांस त्या वहींत प्रथमच भेटल्या. घरीं त्यांनीं हें कधीं सांगितलें असेल, तर आम्हीं ऐकलें नव्हतें.

छायाचित्रांतील त्यांच्या हातांतील घडीचा कागद तोच होता असें आम्ही म्हणूं शकत नाहीं. परत आल्यावर चित्राच्या मागें आम्हीं पेन्सिलीनें त्यांचें पूर्ण नांव लिहिलें, ओळख पटलेल्या चार गृहस्थांचीं नांवें लिहिलीं, आणि त्या तीन इतिवृत्तांच्या तारखा लिहिल्या. खालीं आमच्या धाकट्या सुनेनें सही केली, कारण हें बासन आतां तिच्या स्वाधीन आहे.